वाचनालयातला हुंकार

आमच्या पिपरी मेघेच्या वाचनालयात नवीन सोयी सुरू होणार असं कळलं, तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. मला राग लवकर येतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे आवाज मोठा आणि धीर छोटा. वाचनालय म्हणजे पुस्तकांची कपाटं, वर्तमानपत्रांची लांब टेबलं, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. त्यात आणखी काय घालायचं? पण नवीन ग्रंथपाल आली होती. माझ्या मुलीच्या वयाची, अंगाने बारीक आणि कामाला वाघ. तिने आल्याआल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी हॉलच्या एका बाजूला टेबलं लावून दिली. शनिवारी लहान मुलांना गोष्टी, बायकांसाठी पुस्तकांची भिशी, मोबाइलवर सातबारा कसा काढायचा त्याची शिकवणी, असं एकामागून एक सुरूच. बाजार समितीत तरी एवढी वर्दळ असते का, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, “काकू, अजून एक राहिलंय. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ऐकायचा कोपरा करायचाय.”

तिथे मात्र मी खुर्ची ओढून तिच्यापुढे बसले. कारण आमच्या घरात तेच चाललं होतं.

काचबिंदूने ह्यांची नजर नेली. उजेड कळतो, अंधार कळतो, समोर कोणीतरी आलं हे कळतं, कोण आलं ते कळत नाही. वर्ध्याच्या सरकारी कचेरीत उभी हयात नोकरी केलेला माणूस, संध्याकाळचा चहा झाला की पायात चपला सरकवून वाचनालयात जायचा तो दिवेलागणीलाच परत यायचा. नजर गेली तसा ह्यांनी उंबरठाच सोडला. दिवाणावर बसायचं, कूलरचा आवाज ऐकायचा, आणि कोणी भेटायला आलं की मला खुणेने सांगायचं, झोपलो आहे म्हणून सांग. डॉक्टरांनी पांढरी काठी घ्या म्हणून सांगितलं तेव्हा, “काठी घेऊन फिरायले मी काय म्हातारा झालो?” म्हणून त्यांच्यावरच खेकसले. वय सत्तरीच्या पलीकडे. मी हसले, तर माझ्याशी दोन दिवस बोलणं बंद.

मला त्या काळात एकच गोष्ट पाहिजे होती. हा माणूस घराबाहेर पडला पाहिजे. देवाकडे मी नजर परत मागत नव्हते, तेवढी अक्कल मला आहे. पण आपलं आता झालं, असं मनाशी धरून बसलेला माणूस हळूहळू खरोखरच आटतो, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्त ओरडते.

ऐकायच्या कोपऱ्याची बातमी मी मोठ्या उत्साहाने घरी आणली. हे म्हणाले, “कानानं कोणी वाचते काय?”

“मग काय करता दिवसभर?”

“बसतो. तुले काय त्रास आहे?”

विषय संपला.

कोपरा सुरू झाला. हॉलच्या खिडकीशी चार खुर्च्या, त्यांच्यापुढे छोटी यंत्रं आणि कानाला लावायची ती मोठी बोंडं. विकतची ध्वनिमुद्रणं होती, पण ती ऐकून आपली माणसं कंटाळली. फार भरभर बोलतात, आणि परक्या घरच्या पाहुण्यासारखं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ग्रंथपाल माझ्याकडे आली. इकडच्या लेखकांची परवानगी मी आणते, तुम्ही वाचून द्या, म्हणाली. मला कोणी वाचायला सांगितलं की मी नाही म्हणत नाही. जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत, गठ्ठ्यांवर मोबाइल ठेवून, पंखा बंद करून मी वाचायला लागले. पंख्याचा आवाज आत शिरतो म्हणून पंखा बंद. एप्रिल महिना आणि वर्ध्याचं ऊन, म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

माझं पहिलं पुस्तक लोकांनी ऐकलं, आणि रोहणा गावाकडची एक आजी मला हॉलमध्ये गाठून म्हणाली, “बाई, तुमी आमच्यावर रागावून राह्यल्या काय?”

ही आजी लेकीकडे राहायला आलेली, डोळ्यांवर सारा चढून नजर अधू झालेली, ठसठशीत कुंकू आणि त्याहून ठसठशीत बोलणं. तिचं म्हणणं खरं होतं. मी स्वतः ऐकून पाहिलं. मी पुस्तक वाचत नव्हते, पाचवीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जणू कोणीतरी बाकावर उभं राहणार होतं.

पण माझ्या वाचण्यापेक्षा मोठी भानगड वेगळीच निघाली. कोपऱ्यात बसणारी म्हातारी माणसं ऐकता ऐकता मोठ्याने हुंकार द्यायची.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे खेड्यात कोणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार द्यायचा असतो. दर वाक्याला ‘हूं’. गोष्ट जरा थांबली की ‘मंग?’. हुंकार थांबला की सांगणारा गोष्ट थांबवतो, कारण ऐकणारा झोपला तर सांगायचं कोणाला? नुसतं गुपचूप ऐकणं हा सांगणाऱ्याचा अपमान. ही माणसं लहानपणापासून तशीच गोष्ट ऐकत आलेली. आता कानाला बोंडं लावलेली, त्यामुळे स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नसे. सगळा हॉल शांत, पोरं राज्यघटनेची कलमं पाठ करताहेत, आणि खिडकीतून एकदम, “हूं!” दुसऱ्या खुर्चीतून, “अरे बाप्पा!” आणि आमच्या आजीचा खणखणीत, “मंग? मंग काय केलं तिनं?”

पोरं पहिल्यांदा हसली. मग चिडली. त्यांचंही बरोबर होतं. बिचारी घरात जागा नाही म्हणून इथे येऊन बसतात, परीक्षा तोंडावर आलेली. ग्रंथपालने आजी-आजोबांना समजावलं. ते मान डोलवायचे, सॉरी सॉरी म्हणायचे, बोंडं कानाला लावायचे आणि पानभर गोष्ट पुढे गेली की परत ‘हूं’. त्यांच्या हातात नव्हतं ते. आजी म्हणाली, “पोरी, हूं नाई म्हटलं तर मले आयकूच येत नाई.”

प्रकरण कार्यकारिणीपुढे गेलं. त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत तोडगा निघाला तर ठीक, नाहीतर कोपरा बंद. वर्तमानपत्रांची खोली गठ्ठ्यांनी भरलेली, दुसरी खोली नाही, बांधायला जागा नाही. ग्रंथपालचा चेहरा उतरला. आणि मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या मनात अजून आशा होती की एक ना एक दिवस त्या चार खुर्च्यांपैकी एकीवर आमचे हे बसतील.

माझ्या रागीट वाचनावर मात्र तिने उपाय काढला. “काकू, तुम्ही भिंतीला वाचून दाखवता ना, म्हणून तसं होतं. समोर कोणीतरी माणूस बसवा.”

माणूस माझ्याकडे एकच होता. मी घरी येऊन अगदी पडेल आवाजात म्हटलं, “माझं वाचन लोकांना आवडत नाही. समोर कोणी बसलं तर जमेल म्हणतात. तुम्ही याल का?” तुमच्या भल्यासाठी चला म्हटलं असतं तर हे मेले तरी उठले नसते. माझी अडचण म्हटल्यावर दिवाणाखाली पायाने चपला चाचपायला लागले. मग म्हणाले, “हॉलमधून नाई येणार. मागच्या दारानं येतो.”

हॉलमध्ये ओळखीचे बसतात, हे मला न सांगता कळलं. मागचं दार तर मागचं दार. त्या दिवशी माझ्या दंडाला धरून ते रस्त्याने चालले. किती महिन्यांनी चालले ते मी मोजलं नाही. कॉलनीतली कुत्री अनोळखी समजून भुंकली तेव्हा ह्यांनीच त्यांना दटावलं.

खोलीत त्यांना माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, “अजिबात आवाज करायचा नाही. सगळं यात शिरतं.”

“मले काय बोलायचं आहे?” ते म्हणाले.

मी वाचायला सुरुवात केली. हिंगणघाटच्या एका मिल कामगाराची कादंबरी होती. पहिलाच परिच्छेद संपला आणि समोरून हळूच आलं, “हूं.”

मी डोळे वटारले. माझ्या डोळे वटारण्याचा शाळेत केवढा दरारा होता! हेडमास्तरसुद्धा वाट वाकडी करून जायचे. पण इथे त्याचा काय उपयोग? पुढचं वाक्य वाचलं. परत “हूं.” हाताने ह्यांच्या मांडीवर चापट मारली. ते दचकले, जरा वेळ तोंड दाबून बसले, आणि गोष्ट रंगात आल्यावर परत सुरू. माणूस कचेरीत कितीही वर्षं बसला तरी वाढलेला त्याच रोहण्यात. आजोबांच्या गोष्टींना हुंकार द्यायची पाळी लहानपणी ह्यांचीच असायची, हे त्यांनी त्या दिवशी घरी येताना मला सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सांगितलं.

आणि एक गंमत झाली. समोरून हुंकार येतोय म्हटल्यावर माझं वाचणं आपोआप निवत गेलं. कुठे थांबायचं, कुठे घाई करायची ते कळायला लागलं. मी शुद्धलेखन घालणं विसरले.

हुंकार मी कॉम्प्युटरवर काढून टाकीन, असं ग्रंथपाल म्हणाली होती. पण त्याच आठवड्यात तिच्यामागे शाळांच्या सहली आणि पुस्तकांचं प्रदर्शन लागलं, आणि गडबडीत ते वाचन जसंच्या तसं यंत्रात चढलं. आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते शांततेमुळे. एके दुपारी मी हॉलमध्ये गेले तर खिडकीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, म्हातारी मंडळी रुसली आणि यायची बंद झाली. ग्रंथपालही काळजीत पडली. आम्ही दोघी जाऊन पाहतो तर चारही खुर्च्या भरलेल्या. बोंडं कानाला, डोळे मिटलेले, तोंडं बंद. अभ्यासाच्या टेबलावरची एक मुलगी आमच्याकडे बघून हात जोडून हसली.

मी आजीच्या कानाचं बोंड बाजूला केलं आणि विचारलं, “आजी, आज हूं नाही?”

आजी माझ्याकडे अशी पाहायला लागली की मीच बावळट. “तो बाबा देऊन राह्यला नं हूं! मंग आमी कायले देऊ?”

गोष्टीला हुंकार एकानेच द्यायचा असतो. तो माणूस नेमला गेला की बाकीचे निवांत ऐकतात. कार्यकारिणी, ग्रंथपाल आणि मी, सगळी शिकलेली माणसं डोकं खाजवत बसलो होतो, आणि तोडगा एका चुकीने आपसूक निघाला होता. ग्रंथपाल तिथेच खाली स्टुलावर बसली आणि पोट धरून हसली. मीही हसले, आणि मग मला एकदम भरून आलं.

घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं. अगोदर चिडले. “पुसून टाका म्हणा ते! लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, पुसलं तर कोपरा बंद होईल. संध्याकाळी पोळी खाता खाता ह्यांनी विचारलं, “ती बाई खरंच तसं म्हणाली काय, तो बाबा म्हणून?”

“हो.”

“उद्या किती वाजता जायचं आहे?”

तेव्हापासून वाचनाच्या दिवशी ह्यांना इस्त्रीचा सदरा लागायला लागला. आवाज ध्वनिमुद्रित होतो, सदरा होत नाही, असं मी चिडवलं तरी सदरा पाहिजेच. घसा बसू नये म्हणून दही बंद केलं. मी वाचते ते सगळं पुस्तक, आणि हे म्हणतात तो नुसता हूं, पण घसा जपायचा ह्यांनी! कोपऱ्यातली माणसं ग्रंथपालला विचारायची, बाबा कुठले, काय करतात, बाईंचे कोण? ती माझ्या सांगण्यावरून काही सांगायची नाही. कारण हे अजूनही मागच्याच दाराने यायचे आणि मागच्याच दाराने जायचे. एकदा मी हॉलमधून नेते म्हटलं, तर दाराशीच थबकले. “सगळे मले पाहतीन, अन् मले कोणी दिसणार नाई,” म्हणाले. मी त्यांना परत फिरवलं. अर्धं अंतर चालून आलेला माणूस उरलेलं अर्धं चालेल की नाही, ही टोचणी मात्र मला रोज होती.

मिल कामगाराची कादंबरी संपली, दुसरी सुरू झाली. आणि मग एका दिवशी आम्ही पोचलो तर वर्तमानपत्रांच्या खोलीत वाळवीचं औषध मारलेलं. वास एवढा की उभं राहवेना. मागचं अंगण उन्हाने भाजत होतं. ग्रंथपाल म्हणाली, “काका, थोडा वेळ हॉलमध्ये बसा, इलाज नाही.” ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते घरी गेले असते. आम्ही आत गेलो आणि खिडकीजवळच्या भिंतीशी बसलो. हे असे ताठ बसले होते की जणू कोणी फोटो काढतंय.

पोरं वाचत होती. आजी तिच्या खुर्चीवर होती, तिचं ऐकून झालं होतं. मी हळू आवाजात ह्यांना विचारलं, “पाणी पाहिजे का?”

“हूं,” हे म्हणाले.

आजीने मान वळवली. तिलाही धड दिसत नव्हतं. खुर्चीच्या पाठीला धरत ती उठली, चाचपडत आमच्यासमोर आली आणि म्हणाली, “हूंवाले बाबा तुमीच काय?”

ह्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

“तुमीच आहात. वळखला म्या आवाज.” तिने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. “बाबा, एक इचारू काय? त्या मिलवाल्याच्या गोष्टीत, त्याची नोकरी संपते, अन् दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला का तो उठते, आंग धुते, बायकोले डबा मांगते. ती काई न बोलता भरून देते. तो वेणा नदीवर जाऊन एकटाच डबा खाते. आठवते काय?”

“आठवते,” हे म्हणाले.

“तिथं तुमचा हूं नाई आला. बाई वाचून राह्यल्या, वाचून राह्यल्या, अन् तुमचा काईच आवाज नाई. मले वाटलं मशीन बिघडलं. मंग वाटलं, बाबाले झोप लागली काय?”

दोन-चार पोरांनी पुस्तकातून मान वर केली होती. आता हे ‘हो, डोळा लागला’ म्हणणार, हे मला ठाऊक होतं. गेली दोन वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला आमच्या घरातून तेच उत्तर गेलं होतं.

“नाई, बाई,” हे म्हणाले. “झोपलो नव्हतो. रडून राह्यलो होतो.”

आजीने मान हलवली. “मंग ठीक आहे. मी बी तिथंच रडली,” ती म्हणाली, आणि पुढच्या कादंबरीतल्या सुनेला नावं ठेवायला लागली. हे तिला मध्येच अडवून सुनेची बाजू घेऊ लागले. दोघांचा आवाज वाढला तेव्हा अभ्यासाच्या टेबलावरून कोणीतरी ‘शू’ केलं, आणि हे सगळ्या हॉलकडे तोंड करून “माफ करा” म्हणाले. माझ्याच्याने तिथे बसवेना. मी उठून पाण्याच्या माठाशी जाऊन उभी राहिले.

घरी परतताना आम्ही पुढच्या दाराने निघालो. दुकानांपाशी ह्यांना दोघातिघांनी हाक मारली आणि हे थांबून बोलले. गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर मला राहवलं नाही. डब्याचं ते पान मी वाचत होते, ह्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून, नजर पुस्तकात. मी पान उलटलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. एका परक्या बाईला यंत्रातून कळलं. मला राग आला, आणि राग आला की माझी शाळेतली भाषा गळून पडते.

“मले काऊन नाई सांगितलं?”

दंडावरचा हात त्यांनी किंचित दाबला.

“तू वाचून राह्यली होती नं,” ते म्हणाले. “सांगितलं असतं तर थांबली असती.”